तिसरा सिलिंडर

“आधी मालकाचं बोट,” परकार मिस्त्री म्हणाले. “मग माझं.”

दादांनी, माझ्या वडिलांनी, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि ते इंजिनावर वाकले. परकारांनी नुकतंच हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, उचलून गोणपाटावर उपडं ठेवलं होतं. खाली उघडा पडलेला ब्लॉक म्हणजे एक जड काळा ठोकळा होता आणि त्यात ओळीने पाडलेल्या चार गोल विहिरी. दादांनी पहिल्या विहिरीत तर्जनी घातली, नख भिंतीला टेकवलं आणि सावकाश वर ओढत आणलं.

“काठाशी कड लागतेय.”

“लागणारच. चौदा वर्षं पिस्टन वरखाली चाललाय. रिंग जिथवर पोचते तिथवर झीज, त्याच्या वर कोरं लोखंड. किती म्हणाल?”

“आठ थाऊ.”

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. परकारांनी लाकडी पेटीतून गेज काढलं, सिलिंडरमध्ये उतरवलं आणि डोळे बारीक करून काटा पाहिला.

“साडेआठ. साहेब, सरकारने तुम्हाला रिटायर करायला नको होतं.”

“अर्धा थाऊ चुकला ना पण.”

“तो नखात चुकला. नख वाढलंय तुमचं.”

दादा हसले. बारा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

परकारांची ही रीत चिपळुणात सगळ्यांना ठाऊक होती. गाडीचा मालक समोर असल्याशिवाय ते इंजिनाचं हेड उचलत नसत. मुंबईहून कोणी ड्रायव्हरबरोबर गाडी पाठवून ‘करून टाका’ म्हणून निरोप दिला, तर गाडी तशीच झाकून ठेवत. “डॉक्टर पेशंटला झोपवून कापतो, त्याला इलाज नाही,” असं म्हणायचे. “मला आहे.”

दादांना ही रीत पसंत होती. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाजारपेठांमधले तराजू तपासले. दुकानदार सांगेल ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि मग स्वतःची पितळी वजनं पेटीतून बाहेर काढायचे. कोणाच्या बोलण्यावर काही लिहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पण त्या दिवशी ते गॅरेजमध्ये आले होते ते झीज मोजायला नव्हे. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती. त्या बुधवारी सकाळी आपण गाडीत पाणी भरलं होतं, की विसरलो होतो.

बुधवारचं असं झालं होतं. दादा सकाळी गाडी घेऊन बाजारात निघाले आणि बहादूरशेख नाक्यावर इंजिन जाम झालं. कोणीतरी घरी निरोप आणला, मी रिक्षाने पोचले. दादा बोनेट उघडून उभे होते. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता.

“मी पाणी भरलं होतं,” ते मला म्हणाले. “दोन तांबे घेतलंन गाडीने.”

“ते रविवारी ना, दादा?” मी विचारलं.

त्यांच्या हातात रेडिएटरचं टोपण होतं. “रविवारी?”

“रविवारीही तुम्ही भरत होतात. मी खिडकीतून पाहिलं.”

हे खरं होतं. ते रोजच पाणी पाहत. त्यांनी टोपणाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि म्हणाले, “रविवारी असेल.”

एवढंच झालं. पण त्या दिवसापासून दादा शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या ठेवू लागले. पोस्टकार्डाचे चौकोनी तुकडे कापून त्यावर त्यांच्या त्या सरळ, खात्यातल्या अक्षरात लिहिलेलं असे. गॅस बंद केला, ७.१०. मागचं दार लावलं. गोळी घेतली. पुण्याहून माझ्या भावाचा, नंदूचा, फोन आला. तो म्हणाला, “या वयात हे सुरू होतं गं. किल्ली तू आपल्याकडे ठेव.” मी किल्ली माझ्या कपाटात ठेवली. दादांनी ती मागितली नाही.

आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. दादा अडुसष्ट वर्षांचे होते, मी एकतीसची.

“ताई, जरा मागे सरा,” परकार म्हणाले. “साडीला लागेल.”

त्यांनी इंजिन आडवं केलं आणि खालचं तेलाचं पात्र सोडवलं. आत काळं तेल असायला हवं होतं. होतं ते पांढरट, दाट, ताकात हळद कालवल्यासारखं काहीतरी. परकारांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, दादांपुढे धरलं. दादांनीही चोळलं.

“पाणी उतरलंय तेलात,” दादा म्हणाले.

“बरंच.”

“म्हणजे पाणी होतं.”

“बघू या. घाई नको.”

पिस्टनच्या दांड्याची खालची एकेक टोपी सोडवत परकारांनी पिस्टन काढायला घेतले. काढलेला प्रत्येक तुकडा ते जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडत, आणि कोणता कुठला ते दादांना सांगायला लावत. पहिला निघाला, दुसरा निघाला, चौथा निघाला. तिसरा हलेना. हातोडीचा लाकडी दांडा लावून खालून ठोकत ठोकत त्यांनी तो अर्ध्या तासाने वर काढला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजराने भिंत बोचकारावी तसे.

“यानेच धरलं,” परकार म्हणाले. “आता का धरलं ते विचारू.”

क्रँकचा दांडा काढून झाल्यावर रिकामा ब्लॉक त्यांनी आणि दादांनी मिळून बाकावर चढवला. मी मदतीला पुढे झाले, तर दादा म्हणाले, “तू नको, तुला पुढच्या सोमवारी कॉलेजात जायचंय.” मला कराडच्या कॉलेजात नोकरी लागल्याचं पत्र तीनच दिवसांपूर्वी आलं होतं. परकारांनी विचारलं, “कराडला काय शिकवणार ताई?” दादांनीच उत्तर दिलं, “तत्त्वज्ञान.” परकार म्हणाले, “बरं आहे. त्यात काही बिघडलं तर उघडायला लागत नाही.”

मग त्यांनी रॉकेलमध्ये फडकं बुडवून तिसऱ्या सिलिंडरची भिंत नीट पुसली. थोडा वेळ थांबले. कोरड्या फडक्याने ती भिंत परत लख्ख केली. फळीवरून शाळेतल्या खडूची एक कांडी उचलली, तळहातावर कुस्करली आणि ती पूड भिंतीला लावली. सगळी भिंत पांढरी झाली.

“आता काय?” मी विचारलं.

“आता गप्प बसायचं,” दादा म्हणाले. त्यांना ही तपासणी ठाऊक होती. “चीर असेल तर रॉकेल तिच्यात शिरलेलं असतं. ते खडूतून वर येतं.”

आम्ही तिघंही त्या गोल पांढऱ्या भिंतीकडे पाहत उभे राहिलो. काही क्षण काहीच दिसलं नाही. मग काठापासून बोटभर खाली एक ओलसर ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. केसाएवढी बारीक, वाकडी, खाली उतरत गेलेली.

“ही बघा,” परकार म्हणाले. “साहेब, पाणी तुम्ही भरलं होतंत. ते इथून आत गेलं. तुम्ही वरून भरत होतात, इंजिन इथून पीत होतं.”

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ती रेघ अगदी जवळून पाहिली.

“दोन तांबे,” ते म्हणाले. “बुधवारीच. घाट चढून आली म्हणून जास्त लागलं, असं मी मनात म्हणालोही होतो. कुंदा, तुला म्हटलं ना मी, भरलं होतं म्हणून.”

“हो दादा.”

त्यांनी खिशात हात घातला, चिठ्ठ्यांचा सगळा गठ्ठा काढला आणि परकारांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. परकारांना त्या कशाच्या होत्या ते ठाऊक नव्हतं. ते अजून रेघेकडेच पाहत होते.

“पण ही पडली कशाने?” ते म्हणाले. “पाणी नसताना चालवली तर पिस्टन धरतो. चीर अशी पडत नाही. अशी चीर पडते ती पाणी घातल्याने. लाल झालेल्या इंजिनात कोणीतरी गार पाणी ओतलंय. आणि ते बुधवारी नाही. तेलाचं इतकं ताक व्हायला बरंच चालायला लागतं. त्याच्या आधीचं आहे हे. आदल्या दिवशी गाडी कुठे गेली होती?”

मंगळवारी गाडी मी नेली होती. कराडला, मुलाखतीला. दादा म्हणाले होते, एसटीने जा, मे महिन्यात कुंभार्ली घाट जुन्या गाडीला झेपत नाही. मला साडी चुरगळू न देता जायचं होतं. शेवटी त्यांनी किल्ली दिली आणि फाटकाशी उभं राहून सांगितलं, काटा तांबड्याजवळ गेला की थांबायचं. टोपण उघडायचं नाही, पाणी ओतायचं नाही. गार होऊ दे. तास गेला तरी जाऊ दे. मी हो म्हटलं होतं. अर्ध्या घाटात काटा तांबड्यात गेला तेव्हा दहा वाजत आले होते आणि मुलाखत साडेअकराला होती. मी थांबले नाही. बोनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा थांबले. वळणावर करवंदं विकणाऱ्या एका बाईच्या माठातलं पाणी मागून घेतलं, टोपणावर पदर धरून ते उघडलं आणि तसंच ओतलं. आतून टक् असा आवाज आला. फार मोठा नव्हता. येताना मी चार वेळा थांबून पाणी घातलं. घरी पोचले तेव्हा दादा पायरीवर बसले होते. मुलाखत कशी झाली हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, गाडीने काही त्रास दिला का. मी नाही म्हटलं. मोठं कारण काही नव्हतं. मला त्या दिवशी बोलणी खायची नव्हती.

“मंगळवारी कुंदाने कराडला नेली होती,” दादा परकारांना म्हणाले. “पण तिला काही त्रास झाला नाही.”

परकारांनी माझ्याकडे पाहिलं. दादांनीही पाहिलं. दादांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. पेटीतली वजनं काढण्याआधी दुकानदाराकडे पाहायचे, तसं ते माझ्याकडे कधी पाहतच नसत.

“नाही ना गं?” त्यांनी विचारलं.

परकारांच्या हातात खडूचं फडकं होतं. बाहेर एक ट्रक उभा होता, त्याचं इंजिन चालू होतं. मी आता सांगितलं तर काय होईल हे मला दिसत होतं. दादा रागावणार नव्हते. परकारांसमोर ते एक शब्द बोलले नसते. पण बुधवारी नाक्यावर मी काय विचारलं होतं ते त्यांना आठवलं असतं. चूक कळली असती तर मला चाललं असतं. तो प्रश्न मी का विचारला हे कळायला नको होतं.

“नाही, दादा,” मी म्हटलं.

ते बाकाच्या कडेला टेकले.

“मग मीच केव्हातरी ओतलं असेल,” ते परकारांना म्हणाले. “सोमवारी गुहागरला गेलो होतो. तिथे तापली असेल. मला आठवत नाहीये.”

“साहेब, तुम्ही?” परकार म्हणाले. “तुम्ही नाही हो असं करणार.”

“नाहीच करणार. म्हणून तर.” दादांनी हात पुसले. “विसरलो असतो तर एक वेळ ठीक होतं. केलेलं आठवत नाही, हे निराळं.”

परकारांनी परत माझ्याकडे पाहिलं नाही. ब्लॉकवरची खडूची पूड ते पुसत राहिले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. नवा ब्लॉक मिळेल का ते बघतो, असं काहीतरी म्हणाले. दादा म्हणाले, “नको. गाडी आता काय करायची.”

निघताना दादांनी माझ्याकडून घड्याळ घेतलं आणि किती वाजले ते मला विचारून मगच मनगटाला बांधलं.

रिक्षात मी बोलायचं ठरवलं. पुलावर बोलू, पूल गेला की वळणावर, वळण गेलं की घरी चहा करताना. घरी पोचल्यावर दादा कात्री घेऊन बसले आणि त्यांनी नवीन पोस्टकार्डं कापायला घेतली. मग मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अधिक अवघड झालं, आणि एका महिन्याने तर अशक्यच.

नंदूने आणि मी ठरवलं की दादांना चिपळुणात एकटं ठेवणं बरं नाही. घराला कुलूप लावून ते माझ्याबरोबर कराडला आले, दोन खोल्यांत. तिथे त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, पंतप्रधानांची नावं विचारली. दादांनी सगळं अचूक सांगितलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे वळून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, यांना काहीही झालेलं नाही. दादा बाहेर येऊन म्हणाले, “चांगला माणूस आहे. मन राखून बोलतो.”

नऊ वर्षं ते माझ्याकडे होते. त्या नऊ वर्षांत ते एकही गोष्ट विसरले नाहीत. माझ्या पगाराची तारीख, नंदूच्या मुलीचा वाढदिवस, एकोणीसशे साठ साली राजापूरच्या कुठल्या दुकानात अडीच तोळ्यांनी कमी भरलेलं किलोचं वजन मिळालं होतं ते. पण रस्त्यात कोणी पत्ता विचारला, तर तो ठाऊक असूनही ते म्हणत, “मुलीला विचारा.” गेले ते शुद्धीवर असताना, एका दुपारी.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी चिपळूणचं घर आवरायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परकार आले. खूप थकले होते, गॅरेज केव्हाच बंद केलं होतं. ओटीवर बसले. दादांच्या गोष्टी निघाल्या, नखाची आणि साडेआठ थाऊंची निघाली. आम्ही हसलोही. मग ते म्हणाले,

“साहेब परत आले होते माझ्याकडे, ताई. तुम्हाला ठाऊक आहे का?”

“केव्हा?”

“दुसऱ्याच दिवशी. सकाळी सातला. चालत आले होते एवढे. ब्लॉक अजून बाकावरच होता. म्हणाले, परकार, मला एकदा परत खडू लावून दाखवा. मी लावला. त्यांनी रेघ परत पाहिली. मग म्हणाले, मला खरं सांगा, माणूस असं काही करतो आणि त्याला आठवत नाही, असं होतं का?”

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

“मला कळलं होतं कोणी ओतलं ते,” परकार म्हणाले. “तुमच्या तोंडावरूनच कळलं होतं आदल्या दिवशी. पण बाप-लेकीच्या मध्ये मी कोण बोलणार? म्हटलं, घरी गेल्यावर सांगतील ताई. एक-दोन दिवस लागतील. तोवर त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही यायला नको. म्हणून मी म्हटलं, होतं साहेब. आमचे वडील असेच झाले होते शेवटी शेवटी. वयाने होतं.”

“दादा काय म्हणाले?”

“‘धन्यवाद’ म्हणाले. हात मिळवला त्यांनी माझ्याशी.” परकारांनी गुडघ्यावर तळहात पुसले. “नंतर पुष्कळ वेळा वाटलं, म्हणायचं होतं, कास्टिंगच, म्हणजे ओतीव लोखंडच, जुनं होतं. भट्टीतलाच दोष होता, अशी चीर आपोआप पडते. त्यांना पटलं असतं, माझ्याकडून पटलं असतं. तुमचंही झाकलं गेलं असतं आणि त्यांचंही. पण तेव्हा सुचलंच नाही मला. लोखंड समोर होतं ना. लोखंडाबद्दल खोटं बोलवेना. माणसाबद्दल बोललो.”

अंगणातून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. परकारांनी त्याला हात केला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, जे त्यांनी नऊ वर्षं गृहीत धरलं होतं ते विचारलं.

“तुम्ही सांगितलंत ना मग, घरी गेल्यावर?”

मी मान हलवली. नाही.

त्यांनी पायरीवरच्या चपला पायांनी चाचपून घातल्या, ओटीचा खांब धरून उठले आणि मी ‘सांभाळून जा’ म्हणाले त्याला उत्तर न देता फाटकाबाहेर पडले.